सिग्नलचा फोटो वाचता आला पाहिजे

रेल्वेचे फोटो काढणारे बहुतेक जण इंजिनाच्या मागे असतात. वंदे भारत बडोद्याच्या फलाटाला लागली की सगळ्यांचे मोबाईल वर जातात आणि जिच्या परवानगीने ती गाडी आत आली ती खूण, म्हणजे सिग्नल, फोटोच्या कडेला अर्धा कापला जातो. मी लिहितेय ते त्या कापल्या गेलेल्या सिग्नलविषयी, आणि रुळांशेजारी उन्हापावसात उभ्या असलेल्या पिवळ्या-काळ्या पाट्यांविषयी.

माझं दांडिया बाजारात फोटो छापण्याचं आणि फ्रेम करण्याचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन मी रेल्वेकडे जाते, आणि आता विद्यापीठातली चार-पाच मुलंही आपापले फोटो घेऊन दुकानात येतात. त्यांना मी प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारते: हा सिग्नल कुठल्या रुळावरच्या गाडीशी बोलतोय आणि काय सांगतोय? फोटो बघून उत्तर देता आलं, तर तो मी मोठ्या आकारात छापायला सांगते. खाली जे काही लिहिलंय ते या एका प्रश्नापायी शिकलेलं आहे.

कुठे उभं राहायचं, कुठे नाही

रुळांवर उतरायचं नाही. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी वर २५ हजार व्होल्टची तार आहे. तिला हात लागायची गरज नसते, फार जवळ गेलं तरी वीज झेप घेते. दोन मीटरच्या आत काहीही न्यायचं नाही: सेल्फी स्टिक नाही, मोनोपॉड नाही, पादचारी पुलावरून बाहेर काढलेली छत्रीसुद्धा नाही. ड्रोनचा विचारही नको.

मग राहतं काय? खूप काही. फलाटाचं टोक, पिवळ्या पट्टीच्या आत राहून. पादचारी पूल. रस्त्याचे उड्डाणपूल. फाटकाबाहेरचा रस्ता. आणि धावत्या गाडीची बंद खिडकी.

प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि आधी स्टेशन मास्तरांना भेटा. आपल्याकडे सरळ गुजरातीत विचारलेलं बरं: "साहेब, खाली सिग्नलनो फोटो पाडवो छे" (गुजरातीत 'खाली' म्हणजे फक्त). सोबत आधीचे एक-दोन फोटो दाखवले की शंका बरीचशी मिटते. नाही म्हणाले तर नाही, तिथे वाद घालायचा नाही. ट्रायपॉड उघडला की आरपीएफचे, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे, जवान येणारच, आणि ते त्यांचं कामच आहे. त्याऐवजी मी कापडी पिशवीत अर्धा किलो चणे भरून तोंड शिवून टाकलंय. पुलाच्या कठड्यावर ती ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली की १/५० सेकंदाच्या शटरला सुद्धा फोटो हलत नाही. पैसे घेऊन किंवा जाहिरातीसाठी चित्रीकरण करायचं असेल, तर रेल्वेची रीतसर लेखी परवानगी लागते, त्याला पर्याय नाही. केबिन, रिले रूम, पॅनल अशा सिग्नल चालवणाऱ्या जागांचे फोटो काढू नका. कर्मचाऱ्यांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आधी वाचायला शिका

आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात आणि सिग्नलही साधारणपणे आपल्या रुळाच्या डाव्या हाताला, नाहीतर वर आडव्या कमानीवर असतो. हे डोक्यात असलं की चार रुळांच्या गर्दीतही कुठला सिग्नल कुणाचा हे कळतं. फ्रेममध्ये सिग्नलच्या उजवीकडचा रूळ आलाच पाहिजे. नुसता दिवा आणि मागे आकाश, हा फोटो कितीही सुंदर असला तरी मुका असतो.

चार रंगसंकेत तर सगळ्यांना तोंडपाठ असतात. लाल म्हणजे थांब. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने जा. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल ठरवून दिलेल्या कमी वेगाने ओलांडायच्या तयारीत रहा. हिरवा म्हणजे जा. पण खांबावरची छोटी गोल पाटी फार थोडे लोक बघतात, आणि खरी ओळख तिथे असते. पांढऱ्या चकतीवर काळा 'पी' असला तर तो डिस्टंट, म्हणजे पुढच्या सिग्नलची आगाऊ खबर देणारा. तो कधी लाल होतच नाही. 'ए' असला तर तो ऑटोमॅटिक, गाड्यांच्या हालचालीने आपोआप बदलणारा. त्याच्यापाशी लाल असला तर लोकोपायलट दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून अतिशय जपून पुढे जाऊ शकतो. पिवळ्या चकतीवर 'जी' म्हणजे फाटकाचा सिग्नल. छोट्या दिव्याजवळ 'सी' म्हणजे कॉलिंग-ऑन, वरचा मोठा सिग्नल लाल असतानाही गाडीला जपून पुढे बोलावणारा. आता विचार करा: लाल दिव्याचा फोटो काढलात आणि 'ए' ची चकती कापली गेली, तर त्या फोटोतल्या लाल रंगाचा अर्थच बदलला. म्हणून खांब बुडापासून टोकापर्यंत घ्या.

जमिनीलगतचे शंट सिग्नल मला सगळ्यांत जास्त आवडतात, कारण ते रंगाने बोलतच नाहीत. दोन पांढरे दिवे आडव्या रेषेत असले तर थांब, तिरके असले तर जपून पुढे. काळ्या-पांढऱ्या छपाईतही हा सिग्नल पूर्ण वाचता येतो.

पाट्यांमध्ये 'डब्ल्यू/एल' आणि तिची हिंदी बहीण 'सी/फा' ही सगळीकडे भेटते: पुढे फाटक आहे, शिटी द्या. वेगमर्यादेच्या जागेनंतर 'टी/पी' आणि 'टी/जी' अशा दोन पाट्या वेगवेगळ्या अंतरावर असतात. पहिली प्रवासी गाडीसाठी, दुसरी मालगाडीसाठी, कारण लांब मालगाडीचं शेपूट मर्यादेबाहेर यायला जास्त अंतर लागतं. या दोन्ही पाट्या एका फ्रेममध्ये आणता आल्या तर तो फोटो काहीही न लिहिता मालगाडीची लांबी सांगतो. विजेच्या तारेत जिथे पुरवठ्याचे दोन भाग वेगळे होतात तिथे 'डीजे ओपन' आणि 'डीजे क्लोज' असतं (डीजे म्हणजे इंजिनाचा वीज तोडणारा मुख्य स्विच), आणि त्याच्या आधी ५०० आणि २५० मीटरवर सूचना. चढउताराच्या खांबाला दोन हात असतात. एका हातावर १५० लिहिलेलं असलं तर १५० मीटरला एक मीटर चढ किंवा उतार, हात वर की खाली यावरून ते ठरतं. सपाट असेल तिथे 'एल'.

आणि एक गोष्ट प्रत्येक वेळी टिपायची: जवळच्या विजेच्या खांबावरचा आकडा. वर किलोमीटर, खाली त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक. तो सिग्नलचा पत्ता आहे. मोबाईलच्या जीपीएसपेक्षा मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवते, कारण रेल्वेची माणसं तोच पत्ता वापरतात.

लाल दिवा पांढरा का येतो

एका मुलाने दुकानात येऊन विचारलं, "काकू, लाल सिग्नल डोळ्याला लाल दिसतो, फोटोत पिवळट पांढरा का येतो?" कारण कॅमेरा सगळ्या फ्रेमचा उजेड मोजतो. संध्याकाळी आजूबाजूला अंधार असतो, तो उजळायला कॅमेरा जास्त प्रकाश आत घेतो, दिव्याचा लाल रंग सेन्सरमध्ये भरून वाहतो, आधी केशरी, मग पिवळा, मग पांढरा होतो. सिग्नलच्या बाबतीत ही साधी तांत्रिक चूक राहत नाही, कारण लाल आणि पिवळा हे दोन वेगळे हुकूम आहेत. फोटो खोटं बोलतो.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात स्पॉट मीटरिंग लावून दिव्यावर मोजा, किंवा एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप खाली ओढा. मोबाईलवर दिव्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर कुलूप झालं की खाली सरकवा, दिव्यात रंग दिसेपर्यंत. खांब काळा पडेल, त्याची काळजी नको. सावल्या नंतर थोड्या उजळता येतात, जळलेला रंग परत आणता येत नाही. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर ठेवून द्या, ऑटोवर सोडू नका. आणि चेहरा पूर्ण घ्या: आपल्याकडे लाल दिवा साधारणपणे सगळ्यात खाली असतो, दोन पिवळ्यांच्या मध्ये विझलेली काच असते. रंगाबद्दल शंका उरली तर जागेवरून खात्री होते.

मोबाईलचा नाइट मोड बंद करा. तो काही सेकंदांत अनेक फोटो काढून एकत्र करतो. तेवढ्यात सिग्नल बदलला तर दोन संकेत एकदम लागलेले दिसतात. काही एलईडी दिवे वेगवान शटरला अर्धवट किंवा विझलेले येतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, म्हणून १/१०० किंवा १/५० वर आणा. डब्यांवरच्या सरकत्या नावाच्या पाट्यांनाही हेच लागू.

फ्लॅश कधीही नाही. पाट्या परावर्तक रंगाच्या असल्याने फ्लॅश पडला की अक्षरं पुसली जातात, पण तो दुय्यम मुद्दा. समोरून येणाऱ्या लोकोपायलटच्या डोळ्यांत तो गेला तर काय होईल, हे आधी आठवा.

आणखी एक गोष्ट. सिग्नलचा झोत अरुंद असतो, तो रुळाच्या दिशेने दुरून येणाऱ्या लोकोपायलटच्या नजरेवर लावलेला असतो. खांबाच्या बाजूला उभं राहिलं की दिवा मंद दिसतो. म्हणून जवळ जाऊ नका; फलाटाच्या टोकाला रुळाशी जितकं समांतर होता येईल तितकं व्हा आणि २०० ते ३०० मिलिमीटरच्या लेन्सने दुरून घ्या. दोन पावलं इकडेतिकडे सरकलं तरी दिवा एकदम डोळा उघडतो, ती जागा शोधायची.

ऊन, ढग आणि बडोद्याची दिशा

बडोद्यातून मुख्य मार्ग ढोबळमानाने दक्षिणोत्तर जातो. मुंबईकडून येणाऱ्या गाडीचे सिग्नल दक्षिणेकडे तोंड करून असतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या सिग्नलच्या खांबांवर आणि पाट्यांवर दिवसभर ऊन. मुंबईकडे जाणाऱ्या, म्हणजे अप गाड्यांचे सिग्नल उत्तरेकडे बघतात. ते हिवाळ्यात कायम पाठीमागून उजळलेले असतात. त्यांच्यासाठी मे-जून, सकाळी लवकर किंवा अगदी संध्याकाळी, जेव्हा सूर्य पूर्व-पश्चिमेच्याही उत्तरेला सरकलेला असतो. सकाळचं ऊन सयाजीगंजच्या बाजूने येतं, संध्याकाळचं अलकापुरीच्या. एवढं लक्षात ठेवलं तर अर्धी फेरी वाचते.

पण दिवा आणि पाटी यांची गरज उलटी आहे. पाटीला ऊन हवं, दिव्याला ढग. ऊन थेट काचेवर पडलं की लागलेला दिवा फिका पडतो आणि विझलेली काचही चमकते. कुठला लागलाय हे सांगता येत नाही. दिव्यांसाठी माझा आवडता काळ म्हणजे जुलै-ऑगस्टमधली ढगाळ दुपार आणि वर्षभर सूर्यास्तानंतरचा थोडा वेळ, आकाशात निळाई असते तेवढा. तेव्हा दिवा आणि खांब दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर लांब लेन्स पिशवीतच ठेवा. तापलेल्या खडीवरून हवा थरथरते आणि कितीही महागड्या लेन्सने अक्षरं लिबलिबीत येतात.

जागा

स्टेशनवर फलाटांची टोकं सर्वांत उत्तम. स्टार्टर, म्हणजे गाडीला स्टेशनातून निघायची परवानगी देणारा सिग्नल, तिथेच असतो आणि इंजिन त्याच्या अलीकडे उभं राहतं. सिग्नल पडला, हिरवा झाला, अजून चाक हललं नाही, हा क्षण धरा. गाडी सिग्नल ओलांडायला लागली की तो लाल होतो. लोक इंजिन सिग्नलला लागल्यावर बटण दाबतात आणि मग हिरव्यावर निघालेली गाडी लाल दिव्याशेजारी दिसते; थोडं आधी दाबलं की सगळं जमतं.

जेतलपूर पुलावरून स्टेशनकडे तोंड केलं की मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांचे सिग्नल तुमच्याकडे बघत असतात. पाठ फिरवली की मुंबईकडून येणाऱ्यांचे खांब पाठमोरे दिसतात, पण अपचे सिग्नल उत्तरेकडे बघतात, तेव्हा पुलाच्या दक्षिणेला असलेले अपचे सिग्नल तुमच्याकडेच बघतील. जागेवर एकदा दोन्ही बाजू बघून घ्या. विजेच्या तारांवरच्या पुलांना जाळी असते. लेन्स जाळीला टेकेल इतकी जवळ न्या आणि लेन्सचं छिद्र (अपर्चर) एफ ४ किंवा एफ ५.६ ठेवा, जाळी विरून जाते. लेन्स जाळीच्या पलीकडे काढायची नाही. पुलावर स्कूटर उभी करू नका. अलकापुरीच्या गरनाळ्याच्या, म्हणजे रुळांखालच्या रस्त्याच्या, बाजूला कुठेतरी लावून चालत या.

उत्तरेला मार्ग फुटतात: बाजव्यावरून अहमदाबादकडे, छायापुरीवरून गोध्र्याकडे. जिथे वाटा फुटतात तिथे सिग्नलच्या डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ, म्हणजे रूट इंडिकेटर, लागते. ती ओळ ज्या बाजूला झुकते त्या बाजूला गाडी वळणार. असा सिग्नल मिळाला तर घाई न करता दोन फोटो घ्या: एक ओळ लागलेली असताना, एक नसताना. शेजारी-शेजारी ठेवले की जंक्शन समजतं.

मग आपली डभोईची वाट. डभोई ते मियागाम ही लाइन १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या काळात सुरू झाली, बैल डबे ओढायचे. इंजिनं नियमित धावू लागली ती बऱ्याच वर्षांनी. अडीच फुटी नॅरोगेज. पुढे डभोई हे नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. आज प्रतापनगरहून डभोई, चांदोदमार्गे ब्रॉडगेज एकतानगरपर्यंत जातं. ती लाइन १७ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. गेज बदललं की खांब, पाट्या, अंतराचे दगड सगळं बदलतं, आणि जुन्याचा फोटो कुणाकडे नसतो, कारण तेव्हा सगळे इंजिनाचा फोटो काढत होते. म्हणून या लाइनवरच्या छोट्या स्टेशनांवर उरलेलं जे काही जुनं दिसेल ते आधी टिपा. प्रतापनगरच्या रेल्वे हेरिटेज पार्कात नॅरोगेजची इंजिनं जपून ठेवली आहेत. नवशिक्याने पहिली सकाळ तिथे घालवावी, कारण उभ्या वस्तूंवर एक्स्पोजर शिकता येतं आणि गाडीची भीती नाही.

स्टेशनच्या नावाची पिवळी पाटी टाळू नका. गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा तीन लिप्या आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. गावोगावच्या रंगाऱ्यांनी अक्षरं वेगवेगळी वळवली आहेत. छापील स्टिकर आले की ती वळणं जातात. पाटीच्या अगदी समोर, तिच्या मध्याच्या उंचीला कॅमेरा धरून, कडा सरळ ठेवून घ्या.

गाडीतून घ्यायचं असेल तर जाण्याच्या दिशेला तोंड करून डाव्या खिडकीशी बसा. पाट्या छान मिळतात, शटर १/१००० च्या वर ठेवा. सिग्नलचा चेहरा मात्र सरळ मार्गावर खिडकीतून मिळत नाही. गाडी डावीकडे वळते तेव्हा पुढचा खांब दिसतो, तेवढीच संधी. दारात उभं राहून किंवा हात बाहेर काढून एकही फोटो घेऊ नका. खांब रुळाच्या किती जवळ असतात हे आत बसून नीट कळत नाही.

अहमदाबादच्या मेट्रोत हा छंद नेणार असाल तर अपेक्षा बदला. तिथे गाडीला हुकूम रेडिओवरून थेट केबिनमध्ये मिळतो, त्यामुळे रुळाकडेला सिग्नल मोजकेच. शिवाय विजेचा तिसरा रूळ खाली जमिनीलगत असतो. तिथे फलाटावरच्या खुणा टिपा आणि कर्मचाऱ्यांचं ऐका.

घरी आल्यावर

प्रत्येक सिग्नलचे तीन फोटो ठेवायची सवय लावा: आधी दुरून आजूबाजूच्या रुळांसकट, मग पूर्ण खांब, मग क्रमांकाची पाटी. फाइलला त्याच दिवशी नाव द्या, आठवड्याने आठवत नाही. तारीख, स्टेशन, अप की डाउन, सिग्नलचा प्रकार, संकेत, जवळच्या खांबाचा आकडा. माझ्या एका फाइलचं नाव 'विश्वामित्री-डाउन-होम-दोन पिवळे' असं सुरू होतं आणि पुढे खांबाचा पत्ता ('होम' म्हणजे गाडीला स्टेशनात शिरू देणारा सिग्नल). रंग दुरुस्त करताना सॅच्युरेशनला हात लावू नका. लाल थोडा जास्त लाल केला की शेजारचा पिवळाही केशरी होतो.

निवडक फोटो छापून घ्या. मॅट कागद बरा, चकचकीत कागदावर दिव्याच्या जागी खोलीतल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं. मागच्या बाजूला तीच माहिती मऊ पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई वर्षांनी पुढच्या बाजूला उमटते. आणि ज्या फाटकवाल्या दादांनी किंवा मास्तरांनी उभं राहू दिलं, त्यांच्यासाठी एक प्रत जास्तीची काढा.